प्रभाताई आणि त्यांचं डोकं

प्रभाताईंच्या दोरीवर पाच-सहा पुरुषी बनियन वाळत असत, आणि त्यांच्या घरात पुरुष एकही नव्हता.

अकोल्याच्या आमच्या कॉलनीत नवीन राहायला आलेलं कुटुंब पहिल्याच आठवड्यात या दोरीपाशी अडखळायचं. नवी बाई माझ्या बायकोला बाजूला घ्यायची आणि आवाज उतरवून विचारायची. सुनंदा आधी थोडी मजा घ्यायची, मग सांगायची की ते बनियन केसांचे आहेत. टॉवेलने खसाखसा पुसले तर कुरळे केस बिथरतात, जुन्या मऊ बनियनने टिपले तर शहाण्यासारखे बसतात, हा प्रभाताईंचा शोध. दुकानात पहिल्यांदा गेल्या तेव्हा दुकानदाराने विचारलं, "साहेबांचं माप काय?"

"साहेब नाहीत," ताई म्हणाल्या. "डोक्याचं माप घ्या."

ते डोकं पाहिलं की दुकानदाराची काय अवस्था झाली असेल ते कळतं. प्रभाताईंचे केस साधे कुरळे नव्हते. पेनातल्या स्प्रिंगसारखे, एकेक बट घट्ट पीळ घातलेली. ओली बट ओढली तर कमरेपर्यंत जायची, सोडली की कानाशी परत. मुलींच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या. नकाशासमोर उभ्या राहिल्या की अर्धा भारत झाकला जायचा. "बाई, ओडिशा दिसत नाही," असं मुली म्हणायच्या आणि ताई एक पाऊल सरकून ओडिशा मोकळा करायच्या. वर्गात त्या पुस्तकी मराठी बोलत, फाटकाच्या आत शिरल्या की वऱ्हाडी.

आमच्याकडे नळ चार-सहा दिवसांनी यायचा, तोही लहरीने. केस धुवायला ताईंना पाणी लागे भरपूर. त्यामुळे नळाची चौकशी करायला कोणी पालिकेत जात नसे. ताईंच्या डोक्याकडे पाहिलं की पुरे. केस फुललेले असतील तर काल पाणी आलं. पदराखाली गुंडाळलेले असतील तर अजून वाट पाहा.

कंगवा त्यांच्या घरात नव्हता. "कंगवा सरळ केसवाल्यानं काढला, त्यानं आपलंच डोकं पाहिलं," असं त्या म्हणत. केस ओले असताना बोटांनी सोडवायचे, खालून वर. उशीला अभ्रा रेशमाचा. आईचा शालू कापून शिवलेला. अमरावतीच्या भावाने ते पाहून कपाळाला हात लावला. ताई म्हणाल्या, "पेटीत कसर खाऊन राहिली होती त्याले. आता मी रोज आईच्या पदरावर निजते, तुले काय त्रास?"

आणि जवस. आपण जवसाची चटणी करतो. ताई जवस पाण्यात उकळायच्या, ओढणीच्या तुकड्यातून गाळायच्या आणि तो बुळबुळीत रस ओल्या केसांना चोळायच्या. एकदा त्यांचा फ्रीज बिघडला म्हणून रसाचा डबा आमच्याकडे ठेवला होता. मला नुकतंच डॉक्टरांनी जवस खायला सांगितलं होतं. सुनंदाने काळजीने करून ठेवलं असेल असं समजून मी रोज सकाळी दोन चमचे गुळाबरोबर घेऊ लागलो. आठवड्याने ताई म्हणाल्या, "वहिनी, माहा डबा कमी होऊन राहिला. तुमी लावता का?" खरं कळल्यावर मी चूळ भरायला धावलो. ताई शांतपणे म्हणाल्या, "घाबरू नका, भाऊ. पोटात केस असतीन तं मऊ झाले असतीन."

मला त्या सोडत नसत, कारण आमच्या घराण्याचेही केस तसेच. शाळेत मला पोरं भुताचं झाड म्हणायची, तेव्हापासून मी महिन्याच्या महिन्याला मशीन फिरवून घेतो. "उभं पीक नांगरता तुमी," असं ताई दर महिन्याला म्हणायच्या. मी हसण्यावारी न्यायचो. खरं सांगायचं तर मला त्यांचा थोडा रागच यायचा. ती वर्षं आमच्याकडे वाईट होती. कापसाची बोंडं आतून किडकी निघत होती, गावाकडून फोन वाजला की आधी छातीत धस्स व्हायचं, मग उचलायचा. अशा दिवसांत ही बाई केसांना जवस लावते, हे मला बरं दिसायचं नाही. आणि त्यांना फाटकातून डुलत येताना पाहून बरं वाटायचं, याचीही लाज वाटायची. असा माझा स्वभाव.

त्याच दिवसांत गावाहून माझी काकू आली. तिची सून, म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको, अकोल्याच्या दवाखान्यात होती. भाऊ कापसापायी गावातच अडकलेला. काकूबरोबर नात होती, सोनी. चौथीतली. डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं.

फडक्याखाली जट होती. सोनीचे केस आईच विंचरायची. आई महिनोन्‌महिने आजारी, काकूच्या बोटांना ते पीळ आवरेनात, आणि मानेवर केसांचा गुंता होत होत तळहाताएवढा गठ्ठा झाला. गावातल्या बायकांनी तो पाहिला आणि सांगितलं, देवी आली. गठ्ठ्याला हळदकुंकू लागलं. बायका पोरीच्या पाया पडू लागल्या, वर्गातल्या मुली तिच्याजवळ बसेनात, आणि काकूने तिची शाळा बंद केली. पोरगी आता देवीच्या नावानं ठेवायची, असं घरात बोलणं चाललं होतं.

मी ऐकलं आणि पेपर उघडला. काकूशी वाद कोण घालणार?

प्रभाताई साखर मागायला आल्या आणि सोनीचं फडकं पाहून साखर विसरल्या.

"कैची लावली तं याद राख, मास्तरीणबाई," काकू आधीच म्हणाली. "देवीचं हाय ते."

"कैची कायले लावू?" ताई खाली बसल्या. "पन काकू, देवी बसली म्हनता, तं तिले तेलपानी कोनी घातलं का? पाहा कशी कोरडी पडली. उपाशी ठेवली बाप्पा तुमी तिले!"

काकू गडबडली. "तेल चालते," ती म्हणाली.

झालं. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की ताई कोमट खोबरेल, जवसाचा रस आणि क्रोशाची सुई घेऊन हजर. सोनीला पुढ्यात घ्यायच्या आणि जटेच्या खालच्या टोकाशी सुईने एकेक केस मोकळा करायच्या. तोंडाने नद्यांची नावं चालू. गोदावरी संपेपर्यंत एक बट सुटायची. काकू जपाची माळ घेऊन समोर पहाऱ्याला. पहिली बट सुटली तेव्हा तिने ती निरखून पाहिली आणि म्हणाली, "हे देवीचं नव्हतंच. हे आमचंच होतं." दुसरी सुटली, तीही आमचीच निघाली. अशी देवीची हद्द रोज बोटबोट वर सरकत गेली, आणि तिच्याखाली काळेभोर पीळदार केस लोंबू लागले. सोनी एक पीळ ओढायची, सोडायची आणि तो परत उडाला की खुदकन हसायची.

शेवटी मुळाशी सुपारीएवढी गाठ राहिली. त्या संध्याकाळी काकूने माळ ठेवली आणि ताईंचा हात धरला.

"आता बस. इथं ती बसली हाय."

"मंग मी शाळेत जाऊ का नाही?" सोनीने विचारलं.

"कोप होईन म्हनता?" ताईंनी विचारलं.

"नाई तं काय! सून आता कुठं उठून बसून राहिली. डाक्टर म्हनते, घरी न्या. अन् मी अशा वक्ती देवीले उठवू?" काकूने ताईंचा हात आणखी घट्ट धरला. ती हट्टाने बोलत नव्हती. होत आलेलं बिघडेल, या भीतीने तिचा जीव अर्धा झाला होता. मला हे तोवर कळलंच नव्हतं.

ताईंनी सुई मांडीवर ठेवली. "मंग असं करा, काकू. तो कोप माह्या नावानं करा. देवीले सांगा, सुई प्रभाच्या हातात होती. येऊ द्या तिले माह्या घरी. तिथं कोप करायले हायच कोन? नवरा नाही, लेकरू नाही. येईन, चार खोल्या फिरून पाहीन, अन् चहा पिऊन वापस जाईन."

सुनंदा हसली. मीही हसलो. काकू हसली नाही. ती ताईंकडे पाहत राहिली.

"कोनीच नाही?"

"कोनीच नाही."

"भाऊ-भासे?"

"हायत ना, अमरावतीले. दिवाईले फोन येते."

"मंग नाई जमत," काकू म्हणाली. "एकट्या बाईच्या घरी कोप धाडू का मी? तापानं पडली तं पानी कोन देईन तुले? माह्यावर येऊ दे. माह्या घरी मानसं हायत."

"तुमचं वय पाहा, काकू! मी घट्ट हाओ. मीच घेते."

"तू चूप बस वं. देवी आमच्या घरची, कोप बी आमच्याच घरचा. तू कोन मधात घेनारी?"

"सुई माह्या हातात हाय!"

"अन् डोस्कं माह्या नातीचं हाय!"

दोघींचे आवाज चढले. शेजारचे खिडकीत आले. मी आयुष्यात वाटणीची पुष्कळ भांडणं पाहिली होती, पण कोपासाठी भांडणाऱ्या बायका पहिल्यांदाच पाहत होतो. मध्ये मान वाकवून बसलेली सोनी शेवटी कळवळली, "आजी, माही मान दुखून राहिली. कोनी तरी घ्या ना लवकर!"

काकूने डोळे मिटून हात जोडले, ओठातल्या ओठात बरंच काही पुटपुटली. मग ताईंना म्हणाली, "लाव सुई. मी बोलली तिच्यासंग. अन् आता रातचं जेवन रोज इथंच करत जा. ती चुकून तुह्या घरी गेलीच, तं दाराले कुलूप दिसू दे तिले."

प्रभाताईंकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असायचं. आज त्यांनी तेलाची वाटी उचलली, "गार झालं वाटते," असं म्हणाल्या आणि आमच्या स्वयंपाकघरात गेल्या.

तेल गरमच होतं. आतून गॅस पेटल्याचा आवाज बराच वेळ आला नाही. काकूने पदर खोचला, सोनीच्या मागे सरकून बसली, आणि ताई बाहेर येईपर्यंत त्या गाठीतली एक बट तिने आपल्याच बोटांनी मोकळी केली.