बारा नंबरचा ओ

ज्योतिराम हवालदारांना हाक मारायची तर चार मारायच्या. पहिल्या तीन वाया जाणार, हे धरूनच चालायचं. साखर कारखान्याच्या ऑफिसात मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर आठ वर्षं बसलो. दिवसाला सरासरी पाच वेळा काम पडायचं. एकूण हाका किती झाल्या याचा हिशेब मी एकदा मांडला होता. घशाला कोरड पडली म्हणून सोडून दिला.

त्यांना ऐकू येत नसे असं नाही. दोन खोल्यांपलीकडे पंखा कुरकुरला तरी त्यांचे कान उभे राहत. मूळचे खटावकडचे, सतरा वर्षं फौजेत बिनतारी संदेशांच्या कामात काढलेले. पण गावी परतले ते नेमके हाकामारीच्या अफवेच्या दिवसांत. तिन्हीसांजेला एक बाई दाराशी येते, ओळखीच्या आवाजात नाव घेते, आणि ओ दिला की माणूस खलास! दारोदारी खडूनं ‘हाकामारी, उद्या ये’ असं लिहिलेलं असायचं. आमच्याही दारावर होतं. मी लिहिलं नव्हतं, पुसलंही नव्हतं.

अफवा विरली. हवालदारांच्या डोक्यातून काही ती गेली नाही.

“ती तीनदाच हाक मारती, अण्णा. चौथी आली तर समजायचं, माणूस हाय.”

“अहो, पण भर दुपारी, ऑफिसात?”

“तिला काय हापिसाची येळ ठावं हाय व्हय?”

त्यांच्या पत्नी शालनबाई आमच्याच विभागात कॉम्प्युटरवर ऊसनोंदी भरायच्या. दुपारी डबा उघडला की त्याही हाका मारत, “आवं, जेवायचं न्हाई का?” तीन वेळा गोड आवाजात, चौथ्यांदा असं काही की साखरेच्या गोदामापर्यंत ऐकू जावं. एका वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि त्या गेल्या. हवालदार तेराव्यानंतर कामावर आले. दुपारी ते एकटेच संगणकाच्या खोलीत डबा नेऊ लागले, एवढाच काय तो फरक.

त्या खोलीचे ते प्रमुख. एक यंत्र दुसऱ्याशी जोडलेलं आहे का, हे पाहण्याची एक आज्ञा असते. आपल्या यंत्रानं चार संदेश पाठवायचे आणि चार उत्तरांची वाट पाहायची. हवालदार संदेशाला ‘हाक’ म्हणत आणि उत्तराला ‘ओ’. चारच का, यावर त्यांचं उत्तर तयार होतं. “ज्यानं बनवलं तो आपल्याच भागातला असनार बगा.”

सन दोन हजार लागताना जुनी यंत्रं तारखा चुकवतील, या धास्तीनं कारखान्यानं नवा सर्व्हर घेतला. पेटी एक, पण तिच्या पोटात अनेक यंत्रं असल्याचं सोंग. त्यांना वेगळा डबा नाही, वेगळी तार नाही. मात्र प्रत्येकाला स्वतःचा नंबर. आम्ही त्यांना भाडेकरू म्हणायचो. ऊसतोडणीचा भाडेकरू, नंबर बारा.

डिसेंबरातल्या एका सकाळी बारा नंबर बिघडला. वजनकाट्यावरून हाक मारली तर दोन ओ आले, दोन हाका वाऱ्यावर. पुन्हा मारली तर एकच. दुसऱ्या दिवशी सकाळी तोडणीच्या टोळ्यांना याद्या द्यायच्या होत्या. जुनी रजिस्टरं वाळवीनं खाल्लेली, आणि ती मोडीत काढायच्या कागदावर सही माझी.

साहेबांनी बजावलं, “चारपर्यंत बघा. नाहीतर पुण्याचा इंजिनिअर निघालाच आहे. तो सगळी पेटी पुसून नव्यानं भरेल.”

टेपवरची नक्कल नऊ दिवसांची जुनी. मधल्या चारशे बारा नोंदी जाणार होत्या. पण ‘पुसून’ म्हटल्यावर हवालदारांचा चेहरा माझ्याहून पांढरा पडला.

आम्ही तारा हलवल्या, सांधे आवळले. मी प्रत्येक हाकेची नोंद ठेवत होतो. साठ हाका, एकतीस ओ. शेवटी म्हणालो, “बारा नंबर पुरता बंद करून हाक मारू.”

“नगं अण्णा.”

“का?”

मी बंद केला आणि हाक मारली.

चार हाका. चार ओ.

बंद केलेलं यंत्र ओ देत होतं. दगडू शिपायानं चहाची किटली तिथंच ठेवली आणि तो गेला, तो दुसऱ्या दिवशीच दिसला.

“हवालदार,” मी म्हणालो. एकदाच.

“ओ,” ते म्हणाले.

आठ वर्षांत पहिल्यांदा. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

“शालनचं जुनं मशीन भंगारात घातलं तवा त्याची नक्कल काढून ह्या पेटीत ठिवली,” ते खाली बघत म्हणाले. “तिनं भरलेली गावांची नावं, चुकांसकट. दुपारी जेवताना चालू करतो. काल बंद करायचं ऱ्हायलं.”

“पण नंबर?”

“बारा तिचाच व्हता. नव्याला त्योच दिला. तिचा बदलायला पायजे व्हता. हात धजंना.”

एका नंबराचे दोन धनी! हाक एकाला, आणि ओ जो सापडेल त्याचा.

“आणि चालू करून करता काय?”

“हाक मारतो. पैल्या हाकंला ओ देती, अण्णा. मी जल्मभर तिला चौथीवर ठिवली.”

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. बारा नंबरला हाक मारणारी यंत्रं सात. प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे पस्तीस. मृताचा नंबर बदलणं एका मिनिटाचं काम होतं. आम्ही जिवंताचा बदलला. ऊसतोडणीला एकोणीस नंबर दिला आणि काट्यापासून शेती खात्यापर्यंत सातही ठिकाणी तो लिहायला पळालो. तीन बावन्नला एकोणीसनं चार ओ दिले. इंजिनिअरला शिरवळच्या ढाब्यावर निरोप देऊन परत पाठवलं.

मग मी यंत्रांचं रजिस्टर उघडलं. एकोणीस : ऊसतोडणी. बाराच्या ओळीत ‘काम’ या रकान्याशी अडलो. रिकामा रकाना मी आयुष्यात सोडलेला नाही. हवालदार शेजारी उभे होते.

मी लिहिलं, ‘ओ देणे.’ आणि खाली सही केली.

तपासणीला कोणी ती ओळ वाचली तर काय सांगायचं, ही भीती मला अजूनही आहे.