झालंच, बसा!

संसार विश्वासावर उभा असतो, असं ऑडिटरसाहेब चारचौघांत नेहमी सांगत. स्वयंपाकघरातून येणाऱ्या शब्दावर मात्र त्यांनी निवृत्त होईपर्यंत कधी विश्वास ठेवला नव्हता आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नव्हतं. आतून बायकोचं "झालंच, बसा!" ऐकू आलं की ते अख्खा अग्रलेख वाचत, दाढी उरकत आणि मग टेबलाशी येत. ताटही साधारण तेव्हाच येई.

मग जेवणाआधीचं इन्सुलिन सुरू झालं. "टोचल्यावर पंधरा मिनिटांत पोटात घास गेला पाहिजे," डॉक्टरांनी बजावलं. पहिल्याच दुपारी "झालंच!" ऐकून साहेबांनी आयुष्यात प्रथमच पुराव्याशिवाय विश्वास ठेवला आणि सुई टोचून घेतली.

आत तांदूळ अजून धुवायचे होते.

जरा वेळाने बाई बाहेर डोकावल्या, तर साहेब घामाने निथळत, टेबलाची कड धरून बसलेले. बाईंनी साखरेचा डबाच त्यांच्या तोंडाशी नेला. चार चमचे पोटात गेले, साहेब माणसात आले आणि म्हणाले, "झालंच म्हणालीस ना?"

"म्हणाले. लग्न झाल्यापासून म्हणतेय. सासूबाईंना 'व्हायचंय' म्हटलेलं खपत नव्हतं, तेव्हापासून जीभ वळलीय. तुम्ही कधी मनावर घेतलं होतंत?"

साहेबांनी पाचवा चमचा स्वतःच तोंडात घातला.

दुसऱ्या दिवशी नवीच पंचाईत. भात वाफाळतोय, डाळ-भाजी टेबलावर, साहेब इन्सुलिनचं पेन हातात घेऊन तयार.

"झालं का गं?"

"मला विचारू नका."

"अगं, सगळं समोर दिसतंय!"

"दिसतंय ना? मग टोचा."

"तू एकदा म्हण तरी."

"नाही म्हणणार. काल तुमचे हात बर्फासारखे गार पडले होते. मी धरले होते ते. आता तो शब्द माझ्या तोंडून निघायचा नाही."

"मग मी कोणाच्या भरवशावर टोचू?"

"जन्मभर लोकांची दप्तरं तपासलीत, आज भात तपासा."

साहेबांनी खरंच तपासला. शीत चिमटीत दाबून पाहिलं, प्रत्येक झाकण उचललं, डाळीत मीठ आहे याचीही खात्री केली. "हरकत नाही," त्यांनी निर्णय दिला. बाई पाणी आणायला आत वळल्या आणि तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला.

बाई बाहेर आल्या तर खुर्ची रिकामी. साहेब गॅलरीत, जुन्या कचेरीतल्या कोणाला तरी एक आक्षेप समजावत होते.

"अहो, घास!"

"आलोच!"

हे 'आलोच' बाईंना पुरतं ठाऊक होतं. त्यांनी ताट उचललं, गॅलरी गाठली आणि 'व्हाउचर' व 'नियमबाह्य' यांच्या मधे पहिला घास कोंबला. साहेबांनी हातवारे केले. दुसरा गेला. समोरच्या गॅलरीतल्या बाईने आपल्या नवऱ्याला हाक मारली, "अहो, जरा बाहेर येऊन बघा, नवरा-बायकोचं कसं असावं ते!"

फोन संपला तेव्हा ताट रिकामं होतं.

"वेळेत झालं बाई एकदाचं," असं म्हणत बाई आत आल्या आणि स्वतःचं ताट घ्यायला टेबलाशी गेल्या. पेन तिथेच पडलं होतं. त्याला सुई अजून लावायची होती.