डोहात उभा राहिलेला जोडा

ज्या वर्षी जनावरं छावणीत आणि माणसं टँकरच्या रांगेत उभी होती, नेमक्या त्याच वर्षी गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेला पाण्यात घालायचे बूट मंजूर झाले. मागणी पुरात केली होती, मंजुरी दुष्काळात आली. सहकाराचा कारभारच तसा, त्यात नवल नाही. सिरसाळ्याच्या बाजारात जाळी आणि पादत्राणं विकणाऱ्या खाजामियाँनं नमुन्याचे तीन जोड संस्थेच्या ओट्यावर मांडले आणि सगळे मेंबर लग्नातला आहेर बघावा तसे वाकून बघू लागले.

"ये देखो, एक रबरी तळाचा, एक खिळ्याचा," खाजामियाँ म्हणाला, "आन ह्यो नमद्याचा. तळाला दाबलेली लोकर हाय. शेवाळावर रबर फसवतंय, नमदा न्हाई फसवत. पसंत करा, तसला माल आनतो."

"घसरून पडायचा अनुभव कुनाला हाय?" चेअरमन अर्जुनरावांनी विचारलं. हे साखर कारखान्याचेही डायरेक्टर. माशाशी त्यांची गाठ फक्त ताटात पडायची.

सगळ्यांनी गहिनीनाथकडं पाहिलं. गेल्या साली शेवाळलेल्या दगडावरून घसरून त्याची मांडी मोडली होती. हाड जुळलं, पण भीती गेली नाही. पाण्यात पाय टाकायचा म्हटलं की त्याला दरदरून घाम फुटायचा. तेव्हापासून तो काठावर बसून दोर ओढायचा आणि जाळ्याचं पुढचं टोक धरायची त्याची जागा मेहुणा शहादेव सांभाळायचा. बापाच्या बापापासून घरात चालत आलेली जागा होती ती. आपण काठावर बसलेले आणि शहादेव छातीभर पाण्यात, हे बघताना गहिनीनाथचा जीव तिळतिळ तुटायचा.

"रविवारी डोहाला शेवटचं जाळं लागंल," अर्जुनराव म्हणाले. "गहिनीनाथ, तू जोडा पारखून घे. त्यो घालून रविवारी पुढं उतरलास तर तुजी जागा तुला. न्हाई उतरलास तर कायमची शहादेवची."

आता बूट पारखायचे तर आधी घसरायला जागा हवी. नदी कोरडी ठणठणीत. घाटाच्या दगडांवर टँकरचं पाणी ओतून बघू, असं शहादेव बोलून गेला आणि रांगेतल्या बायकांनी हंडे खाली ठेवून त्याच्याकडं असं काही बघितलं, की तो विषय तिथंच मिटला. राहिला एकच ओला दगड, तो आसरांच्या डोहाचा.

आसरा म्हणजे सात बहिणी. ओल्या केसांच्या, भर दुपारी पाण्यावर येणाऱ्या. काठावर त्यांचे शेंदूर लावलेले सात दगड होते आणि त्यांच्यापुढं चप्पल घालून कुणी जात नसे. पूर्वी एकजण गेला होता म्हणतात. त्याच्या चपला तेवढ्या सापडल्या, त्याही काठावर नीट जोडून ठेवलेल्या.

दगडांची पूजाअर्चा बायनाबाईकडं होती. ती शहादेवची आई, म्हणजे गहिनीनाथची सासू.

"जावई, पायतान घालून आसरांपुढं?" ती म्हणाली. "माजी लेक रंडकी करता काय?"

"मामी, पायतानाबिगर पायतान पारखू कसं?"

म्हातारीनं तिन्ही जोड काठीनं उलटेपालटे केले. रबर नको म्हणाली. खिळे तर नकोच, लोखंडाचं आन त्यांचं वैर. नमद्याच्या तळावरून मात्र तिनं हात फिरवला. "लोकर हाय व्हय? मग चालंल. लोकरीला इटाळ न्हाई. देवापुढं घोंगडी अंथरतोच की आपुन."

असा बूट पसंत झाला. तो घसरतो की नाही हे कुणी बघितलंच नव्हतं, पण सोवळ्यात बसत होता.

दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी गहिनीनाथ डोहावर गेला. एकटाच गेला, कारण पाय लटपटताना मेहुण्यानं बघावं हे त्याला सोसणारं नव्हतं. बाभळीचं पान हलत नव्हतं. एरवी बगळे असायचे, आज तेही नव्हते. त्यानं गुडघ्यापर्यंतचे बूट चढवले, नाड्या आवळल्या, सात दगडांना हात जोडले आणि पाण्यात पाय टाकला.

नमदा दगडाला घट्ट चिकटला. दुसरा पाय टाकला, तोही चिकटला. गहिनीनाथला हसूच आलं. वर्षभर उराशी धरलेली भीती फुकटच बाळगली म्हणायची. तो पोटऱ्याभर पाण्यात गेला, वळायला म्हणून पाय उचलला, तर पाय उठेना.

गाळ असेल, तो मनाशी म्हणाला. जोर लावला, उठेना. आणि मग त्याला बुटाच्या चवड्यावर काहीतरी जाणवलं. कुणीतरी अंगठ्यानं दाबून बघत होतं. आधी चवडा, मग टाच, मग बाजूनं. बाजारात बायका पोरासाठी चप्पल घेताना माप बघतात, अगदी तसं. सावकाश, घाई नसल्यासारखं.

"आई, लोकर हाय," गहिनीनाथ कसाबसा म्हणाला.

दाबणं थांबलं. मग डाव्या बुटावर दोन हात आले आणि उजव्यावर आणखी दोन.

पुढचं त्याला धड आठवत नाही. नाड्या त्यानं सोडल्या की तोडल्या कोण जाणे. बुटांत बदाबदा पाणी शिरलं आणि तो उघड्या पायांनी शेवाळलेल्या दगडांवरून जो सुटला तो थेट संस्थेच्या ओट्यावर येऊन थांबला. वाटेत तो एकदाही घसरला नव्हता. पण त्या घडीला हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

संध्याकाळच्या आत सगळा गाव डोहावर जमला. पोटऱ्याभर पाण्यात बूट उभे होते, पाण्याबाहेर काठ काढून, कुणीतरी घालून उभं राहावं तसे. अर्जुनरावांनी लांबूनच पाहणी केली. "संस्थेचा माल हाय," ते म्हणाले, "कुनीतरी काडा."

सकाळी बूट तिथंच होते, पण काल त्यांची तोंडं पलीकडच्या टेकडीकडं होती आणि आज गावाकडं. त्याच्या पुढच्या सकाळी ते काठाच्या बरेच जवळ आले होते. पोरींनी पाण्याची वाट बदलली. संस्थेच्या ऑफिसला दिवसाही कडी लागू लागली.

रविवार उजाडला. जाळं काठावर पडलेलं. शहादेवनं पुढचं टोक आणून गहिनीनाथच्या हातात दिलं. "दाजी, तुमची जागा तुमाला लखलाभ. मी दोर वडतो."

"भ्यालास व्हय बे?"

"लई," शहादेव म्हणाला.

वर्षभर ज्या टोकासाठी गहिनीनाथ झुरला, ते आता हातात होतं आणि समोर बूट उभे होते. ते काढल्याशिवाय जाळं फिरणार नव्हतं. बायनाबाईनं त्याला हळदकुंकू लावलं आणि एवढंच म्हणाली, "हिसकू नका. मागून घ्या."

तो अनवाणी उतरला. पहिल्या दगडावर तो थबकला. मग पायाच्या बोटांनी आपसूकच दगड धरला, दुसराही धरला. आज्यापासूनची ओळख होती, पाय ती विसरले नव्हते. बुटांजवळ जाऊन त्यानं हात जोडले. "आयांनो, परक्याचा माल हाय. द्या." बूट हाताला हलकेच लागले, फुलासारखे निघून आले.

काठावर आल्यावर सगळे भोवती जमले. सुटलेल्या नाड्या नीट बांधलेल्या होत्या, बायका परकराची बांधतात तशा गाठीनं. खाजामियाँनं नाड्या सोडून आत हात घातला आणि त्याचा चेहरा उतरला. तीन दिवस पाण्यानं भरून उभे असलेले बूट आतून कोरडे होते. कोरडे आणि ऊबदार.

त्यानं ते उलटे केले. नमदा टाचेपाशी पार झिजला होता, जाळी पडली होती.

"अर्जुनराव, ह्यो मी वापस न्हाई घेनार," खाजामियाँ म्हणाला. "ये वापरलेला माल हाय. लई चाललंय कुनीतरी."

अर्जुनरावांनी घसा खाकरला. "तर गहिनीनाथ, संस्थेनं कोनता जोडा घ्यावा म्हंतोस?"

"नमद्याचा."

"किती?"

"सात. बायकांच्या मापाचे."

"कावून सात? आपले मेंबर जास्ती हायत की बे," अर्जुनराव म्हणाले आणि मग त्यांची नजर शेंदरी दगडांवरून फिरत गेली. दुसऱ्याच क्षणी त्यांनी वाकून स्वतःच्या कोल्हापुरी चपला काढल्या आणि काखेत धरल्या. "मंजूर," ते हळूच म्हणाले. "आन मेंबरांचं?"

"मेंबर अनवाणी," गहिनीनाथ म्हणाला आणि जाळ्याचं पुढचं टोक धरून परत डोहात उतरला.