अहो नावाचा कर्नल

आमच्या कुत्र्याला त्याचं स्वतःचं नाव शिकवायचं, असं मी एका रविवारी सकाळी ठरवलं. ठरवलं तेव्हा हे काम दुपारच्या जेवणापर्यंत आटपेल असा माझा अंदाज होता. (सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढूनही माझे अंदाज अजून असेच असतात.)

कुत्र्याचं नाव कर्नल. हे नाव माझ्या मेव्हण्यानं ठेवलं. मेव्हणा धैर्यशील, फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेला, आता कडेगावला ऊस बघतो. पिल्लू त्यानंच भाजीच्या पिशवीतून आणलं आणि सांगलीत आमच्या विश्रामबागच्या घरात सोडलं. "दाजी, जलमभर कर्नलला सॅल्यूट ठोकला," तो म्हणाला, "आता एका कर्नलला मी सांगनार, बस खाली!"

पण कर्नल बसला नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. कारण पिल्लाचा मुक्काम स्वयंपाकघरात, ओट्याखाली, आणि ओट्यापाशी माझी बायको दीपमाला. तिथून दिवसभर हाका चालायच्या : अहो, चहा झाला. अहो, जेवायला या. अहो, दूध आलं का बघा. पिल्लानं पाहिलं की या बाईनं 'अहो' म्हटलं की काहीतरी खायला निघतं. आपलं नाव अहो आहे, अशी त्यानं समजूत करून घेतली आणि ती त्याच्या बाजूनं बरोबरच होती.

दीपमालाला याची फार मजा वाटली. तिनं ते नाव मोडलं नाहीच, उलट रीतसर चालवलं. आता मराठीत एकदा 'अहो' म्हटलं की पुढं 'ये' म्हणता येत नाही, 'या' म्हणावं लागतं. त्यामुळे आमच्या घरात कुत्र्याला 'या', 'बसा', 'भुंकू नका' सुरू झालं. एकदा वाईहून माझ्या साहेबांचे पाहुणे आले होते. मी त्यांच्यासमोर बसलेला, आणि आतून आवाज आला, "अहो, त्या सोफ्यावर लोळू नका बाई! सगळीकडे केस गळतात तुमचे!" पाहुण्यांनी माझ्या टकलाकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. आता उरलंय काय गळायला, असं त्यांना वाटलं असावं.

गेल्या वर्षी दीपमाला गेली. त्याबद्दल इथं लिहिणार नाही, ही कथा कुत्र्याची आहे.

ती गेल्यावर घरात कुत्र्याला हाक मारणारं कुणी उरलं नाही. मी होतो, पण तो शब्द माझ्या तोंडात बसेना. मी तो शब्द आयुष्यभर ऐकला होता, म्हटला कधीच नव्हता. दार लावून, हळू आवाजात, "अहो... या," असं मी म्हणायचो आणि तो यायचा. बाहेर मात्र बिस्किटाचा पुडा वाजवून भागवायचो.

हे असंच चाललं असतं. पण शेजारी उमाकाकू राहतात आणि त्याही त्यांच्या यजमानांना अहोच म्हणतात.

त्या रविवारी सकाळी ते यजमान, चिंतामणराव, फाटकात उभे. निवृत्त प्राध्यापक, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"तुमच्या कुत्र्यानं माझा चहा प्यायला."

"कुठला?"

"बशीतला. ही म्हणाली, अहो, चहा ठेवलाय. मी पेपरची घडी घालेपर्यंत हे महाशय भिंतीवरून उडी मारून हजर! काल थालीपीठ गेलं, परवा शिरा. माझ्या बायकोनं मला काय हाक मारायची, ते तुमचा कुत्रा ठरवणार का?"

"मग काकूंनी तुम्हाला नावानं हाक मारावी."

"या वयात?" चिंतामणराव लाजले. मग लाजल्याबद्दल आणखी चिडले.

तेवढ्यात भिंतीपलीकडून उमाकाकू म्हणाल्या, "अहो, जाऊ द्या ना!" चिंतामणराव आणि कुत्रा, दोघांनीही एकदम तिकडे मान वळवली. कुत्रा आधी निघाला.

म्हणून मी शिकवणी घ्यायचं ठरवलं. हातात बिस्कीट, समोर कुत्रा. "कर्नल!" म्हणायचं आणि बिस्कीट द्यायचं. पहिल्यांदा 'कर्नल' म्हटल्यावर त्यानं मागं वळून फाटकाकडे पाहिलं. कोण आलंय? दुसऱ्यांदा म्हटल्यावर तो फाटकापर्यंत जाऊन रस्ता बघून आला. पुडा संपत आला तेव्हा त्याची पक्की खात्री झाली होती, की कुणी एक कर्नल यायचा आहे, त्याला उशीर झालाय आणि तोवर त्याच्या वाटणीची बिस्किटं आपल्याला मिळताहेत.

चिंतामणरावांनी दरम्यान पुण्याला माझ्या मुलीला फोन केला होता. थोड्या वेळानं संयोगिताचा मला फोन आला.

"बाबा, पुढच्या रविवारी मामा सांगलीत लग्नाला येतोय. त्याच्याबरोबर कर्नलला कडेगावला पाठवा. उसाच्या रानात मोकळा हिंडेल. तुम्ही ऑफिसात, तो दिवसभर एकटा. आणि त्याच्यामुळे तुम्ही पुण्याला पण येत नाही."

"नाही."

"बाबा, नीट विचार करून सांगा."

"विचार करूनच सांगतोय. नाही."

"मी मामाशी बोललेय," ती म्हणाली. आमच्या घरात याचा अर्थ विषय संपला असा होतो. पण यावेळी माझ्यापुरता तो संपलेला नव्हता.

पुढच्या रविवारी धैर्यशील आला. फेटा, कडक इस्त्री, जीप दारात. मी नुकताच उठलो होतो. अंगात बनियन, खाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा. मी चहा टाकायला आत गेलो आणि बाहेर येऊन बघतो तर साखळीसकट कुत्रा जीपच्या मागच्या सीटवर.

"धैर्यशील, त्याला उतरव."

"आवं दाजी, ज्याला आपलं नाव म्हाईत न्हाई, त्याचं हितं काय व्हनार? तिकडं मी हाय. आठ दिसात परेड शिकवतो."

"तो जाणार नाही."

"संयोगितानं सांगितलंय."

"मग मी पण जीपमधनं उतरणार नाही," असं म्हणून मी मागच्या सीटवर, कुत्र्याशेजारी जाऊन बसलो. निदर्शनं करणारे लोक आधी कपडे बदलतात, हे मला नंतर सुचलं.

धैर्यशीलनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. "बसा की. कडेगावात जागा लय हाय," आणि त्यानं गाडी चालू केली.

गाडी आधी लग्नाला गेली. मंगल कार्यालय मिरज रस्त्याला लागूनच. मला वाटलं होतं की इथं तरी तो नमेल. तो शांतपणे म्हणाला, "अक्षता टाकून येतो, दाजी. तुमाला ताट पाठवू का हितंच?"

"माझा निषेध चालू आहे."

"बरं. मग जिलेबी तेवढी पाठवतो."

तो आत गेला. उकडत होतं म्हणून मी काच खाली केली. आतून मसालेभाताचा आणि तुपाचा वास आला. पुढं काय झालं ते मला नीट दिसलं नाही, कारण कुत्रा माझ्या तोंडावर पाय देऊन बाहेर गेला.

मी धावलो. एक चप्पल जीपमध्येच राहिली. मांडवात पोचलो तेव्हा कुत्रा जेवणाच्या टेबलाखालून फिरत होता, साखळी मागं खळखळत होती, आणि धैर्यशील, हातात अक्षता तशाच, परेड ग्राउंडच्या आवाजात ओरडत होता.

"कर्नल! इकडं ये! कर्नल, तोंडातलं टाक! खाली बस म्हनतो न्हवं, गाढवा!"

पुढच्या सोफ्यावर पांढऱ्या मिश्यांचे एक गृहस्थ जिलेबी खात होते. त्यांनी घास तोंडातच थांबवला आणि सावकाश मान वळवली. मांडवात कुजबूज झाली, कर्नलसाहेब, कर्नलसाहेब. नवरीचे थोरले चुलते. खरे कर्नल.

"सुभेदार?" ते म्हणाले.

धैर्यशीलचे पाय आपोआप जुळले. सॅल्यूट बसला आणि मुठीतल्या अक्षता त्याच्याच फेट्यावर पडल्या. "सर! तुमाला न्हाई, सर! कुत्र्याला, सर!"

"कुत्र्याचं नाव कर्नल?"

"व्हय सर. म्हंजे... लय इमानी हाय म्हनून, सर."

कर्नलसाहेबांनी घास गिळला. "आजच्या आज नाव बदला."

"यस सर!"

इतक्यात बाहेर नवरदेवाच्या मित्रांनी फटाक्यांची माळ पेटवली. आमचा कुत्रा कुणाला भीत नाही, पण फटाक्याला भितो. दिवाळीत तो दीपमालाच्या पदरात डोकं खुपसून बसायचा. माळ कडाडली तसा तो शेपूट पायात घालून फाटकाबाहेर सुटला. पुढं मिरज रस्ता. एसटी, ट्रक, रिक्षा, सगळं आपापल्या घाईत.

मी मागं पळत होतो. एका पायात चप्पल, एका हातात लेंग्याची नाडी. "कर्नल!" असं मी ओरडलो. मागून कर्नलसाहेबांचा आवाज आला, "आता काय आहे?" कुत्रा मात्र रस्त्यात उतरला होता. समोरून उसाचा ट्रक येत होता. माझ्याकडे बिस्किटाचा पुडा नव्हता, दार लावून घ्यायला दार नव्हतं. मी छाती भरून घेतली आणि भर रस्त्यात, सांगली-मिरज ऐकेल अशा आवाजात ओरडलो,

"अहोऽऽऽ!"

फाटकापाशी उभे असलेले सगळे नवरे एकदम वळले. एकानं सिगारेट पाठीमागं लपवली. एक जण "आलो, आलो," म्हणत हातातलं ताट घेऊन निघालाच. बँडवाल्याची पिपाणी अर्ध्या सुरात थांबली. पानाच्या टपरीवर एक म्हातारे टोपी सावरून उभे राहिले.

आणि कुत्रा जागच्या जागी थांबला. ट्रक हॉर्न मारत त्याच्यापुढून निघून गेला.

"अहो, या!" मी म्हणालो. आता मला थांबता येत नव्हतं. "या इकडे. घाबरू नका. मी आहे ना. या, घरी जाऊ."

तो आला. कान पाडून, थरथरत, सरळ माझ्या पायाशी.

"बसा," मी म्हणालो. तो बसला. फाटकापाशी आणखी दोघे बसले.

मागच्या बाजूला कुणी बाई दुसरीला म्हणाली, "कोन वो ह्ये?"

"सुभेदारांचं दाजी. बायको गेल्यापास्नं सवताच सवताला हाका मारत्यात म्हनं. बिचारं."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी बनियनवर, भर लग्नात, धुळीनं माखलेल्या कुत्र्याला छातीशी धरून उभा होतो आणि मला कशाचीच लाज वाटत नव्हती. धैर्यशील पळत आला तेव्हा मी त्याला बोलूच दिलं नाही.

"हा कडेगावला येणार नाही. परेड शिकणार नाही. संयोगिताला काय सांगायचं ते मी सांगतो. तिला बापाला भेटायचं असेल तर तिनं सांगलीला यावं, इथं जागा लय हाय. चिंतामणरावांचा चहा मी रोज नेऊन देईन, कपातून. आणि याचं नाव अहो आहे. ते मी रस्त्यात म्हणणार, बाजारात म्हणणार, गणपतीच्या मंडपात म्हणणार. ज्याला वळून बघायचं त्यानं बघावं!"

एवढं लांब भाषण मी ऑफिसात आजवर केलं नव्हतं. शेवटी खोकला आला.

धैर्यशीलनं फेट्यावरच्या अक्षता झटकल्या. कुत्र्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हाक अक्काचीच मारली वो तुमी," तो म्हणाला. "हेल सुदीक त्योच."

मी कुत्र्याच्या कानामागची धूळ पुसत राहिलो.

"चला," त्यानं खिशातून जीपची किल्ली काढली. "घरी सोडतो. नाव बदलायचा साहेबाचा बी हुकूम झालाय."

तो जीपपाशी गेला. पुढचं दार उघडलं, खांद्यावरच्या टॉवेलनं पुढची सीट पुसली, आणि फौजेतला ताठपणा विसरून, कमरेत वाकून, अगदी अदबीनं म्हणाला,

"आवं, या. बसा फुडं."

माझ्या लग्नाला तेवीस वर्षं झाली, पण सासरच्या माणसानं जावयाला इतका मान दिल्याचं मला आठवत नव्हतं. एक दिवस ठाम राहिलं की जग कसं बदलतं, असा विचार करत मी नाडी घट्ट केली, मान ताठ केली आणि जीपमध्ये पाय ठेवला.

धैर्यशीलनं माझा दंड धरला.

"तुमी न्हवं, दाजी," तो म्हणाला. "ह्यांना म्हनलो. तुमी जावा मागं."