दाजी आणि दार वाजवणारा लांडगा

माझ्या दाजींना कार्टूनमधल्या लांडग्याचं चालणं पटत नाही.

"असा छाती काडून चालतुय व्हय लांडगा?" टीव्हीसमोर उभे राहून ते मला विचारतात. "फौजदार हाय का त्यो? मान खाली पायजे, शेपूट पायात पायजे. चित्रं काडणाऱ्यानं मेंढरं राखल्याली न्हाईत."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या अक्काचे यजमान. वय पंचाहत्तरच्या पुढे. मूळचे आटपाडीकडचे. विशीतच कुपवाडच्या एका कारखान्यात लागले, भट्टीपुढे आयुष्य काढलं आणि तिथूनच निवृत्त झाले. तरी आजही ते स्वतःला रजेवर आलेला धनगर समजतात. जगातल्या बहुतेक चुकांचं मूळ त्यांना एकाच ठिकाणी सापडतं. उड्डाणपुलाचं वळण चुकलं, तर बांधणाऱ्यानं मेंढरं राखल्याली न्हाईत. एसटी उशिरा आली, तर कंट्रोलरनं राखल्याली न्हाईत. अक्काच्या आजारपणात डॉक्टर "बघू, वाट बघू" म्हणाले, तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर ते मला म्हणाले, "ह्यानं बी न्हाईत."

ही कार्टूनं म्हणजे सात-आठ मिनिटांची जुनी परदेशी चित्रं, परीकथांची टिंगल करणारी. लाल टोपीवाली मुलगी लांडग्याला आजीच्या घराचा रस्ता विचारते आणि त्यानं चुकीचा सांगितला म्हणून त्याच्यावरच डाफरते. शंभर वर्षं झोपलेली राजकन्या राजपुत्राला म्हणते, अजून पाच मिनिटं. लांडगा मोटारीतून उतरतो, टाय नीट करतो आणि आजीचं दार वाजवतो.

"दार वाजवतुय!" दाजी तेवढ्यावरच गॅलरीपर्यंत जाऊन परत आले. "मास्तर, आमच्या बानं उभ्या जन्मात लांडग्याला दार वाजवताना बघितला न्हाई. त्यो वाऱ्याच्या खालच्या अंगानं येतो. ह्यो सेंट मारून आलाय!"

मोटारीबद्दल मात्र त्यांची काही तक्रार नव्हती.

काचेच्या बुटाची गोष्ट त्यांनी एकदाच पाहिली. "काचंचं जोडं घालून नाचती, पळती. पाय सडंल की पोरीचा. फुडं घ्या." लांडगा नसलेलं काहीही आलं की ते "फुडं घ्या" म्हणतात आणि ते पुढं घेईपर्यंत नळ बघून येतात, गॅस बघून येतात, खाली कोण आलं ते बघून येतात. खुर्ची त्यांना चावते.

ही सगळी उस्तवार एका चित्रासाठी चालली होती. शेवटच्या दोन महिन्यांत अक्का अंथरुणाला खिळून होती. माझ्या भाचीनं, अक्काच्या सुरेखानं, पुण्याहून येऊन टीव्हीला नेट जोडून दिलं होतं. अक्काला मालिकांतलं रडणं नको होतं, म्हणून कार्टूनं लावून ठेवायची. एक संपलं की दुसरं आपोआप लागायचं. एके दुपारी नळाला पाणी आलं, दाजी खाली पाईप लावायला गेले आणि वरून अक्काचं हसणं ऐकू आलं. मोठ्यांदा, पूर्वीसारखं. कित्येक महिन्यांत ती तशी हसली नव्हती. ते वर आले तेव्हा पुढचं चित्र सुरू झालं होतं आणि अक्का डोळे पुसत होती. "लांडगा... म्हातारी... लोकर," एवढंच तिला हसण्यातून बोलता आलं. "मग सांगते," म्हणाली आणि झोपली. चौथ्या दिवशी गेली. सांगायचं राहिलं.

महिन्याभरानं मला साताऱ्याला दाजींचा फोन आला. "मास्तर, एक पिक्चर हुडकायचाय. तुमी जलमभर लोकांस्नी पुस्तकं हुडकून दिलीसा की."

मी कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. त्यांच्या लेखी मास्तरच. त्या आठवड्यापासून दर रविवारी मी पहिल्या गाडीनं कुपवाड गाठू लागलो. सवयीनं एक वही केली आणि बघितलेल्या प्रत्येक चित्राची नोंद ठेवली. 'लांडगा आहे, म्हातारी नाही.' 'म्हातारी आहे, लांडगा अर्ध्यातून गेला.' 'दोन्ही आहेत, लोकर नाही.' एवढ्या काटेकोर नोंदी मी नोकरीतसुद्धा कधी केल्या नव्हत्या.

शेजारी कुजबुज झाली. बायको जाऊन वर्ष झालं नाही आणि हा माणूस दिवसभर कार्टून बघतो! समोरच्या वहिनींनी तर मला जिन्यात गाठलं. "भाऊ, परवा ह्यांनी गॅलरीत रांगून दाखवलं लांडगा कसा चालतो ते. दूधवाला किटली टाकून पळायचा राहिला." सुरेखाचा फोन आला. "मामा, अण्णांना पुण्याला घेऊन येऊ का? चित्र सापडलं की येतो म्हणतात. तुम्ही लवकर शोधा ना."

मी शोधतच होतो. आणि एका गुरुवारी, साताऱ्याला घरी, फोनवर मला ते सापडलं.

शंका घ्यायला जागा नव्हती. लांडगा चष्मा लावून आजीच्या पलंगावर पडलेला. आजी बाजारातून येते. ओरडत नाही, घाबरत नाही. त्याच्या अंगावरून हात फिरवून केस किती दाट आहेत ते बघते. मग कातर हुडकते, त्याला दोन्ही पायांत धरते आणि सगळा कातरून काढते. लांडगा शेगडीपाशी उघडानागडा कुडकुडत बसतो. आजी सूत काढते, स्वेटर विणते आणि मापाला त्याच्याच अंगावर लावून बघते. अक्का लहानपणी आमच्या आईशेजारी बसून लोकर कातायची. ती का हसली हे मला विचारावं लागलं नाही. मी ते तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा नीट दिसलं नाही.

दाजींना फोन केला नाही. त्यांचा चेहरा बघायचा होता.

रविवारी गेलो. "आज एक आणलंय," म्हणालो.

"लावा की. मी च्या टाकतो."

स्वयंपाकघर भिंतीपलीकडे. तिथून टीव्ही दिसत नाही. चित्रात कुणी बोलत नाही, नुसती वाद्यं वाजतात. मी आवाज वाढवला, म्हणजे ते येतील. आजी घरात आली. तिनं लांडग्याच्या अंगावरून हात फिरवला आणि कातर शोधायला खण उघडला.

"आता पाठीकडनं सुरू करंल बगा, खुळी," भिंतीपलीकडून दाजी म्हणाले. "पोटाकडनं कराय पायजे."

पडद्यावर आजी अजून खणच उचकत होती.

मग तिला कातर सापडली. तिनं लांडग्याला पायांत धरलं आणि पाठीकडून सुरुवात केली.

आत चमच्याचा आवाज थांबला होता. बऱ्याच वेळानं दाजी दोन कप घेऊन बाहेर आले. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. कप ठेवताना बशीत चहा सांडला.

ते त्यांना कधी सापडलं असेल? किती रविवारांपूर्वी?

"हे नसावं, दाजी," मी म्हणालो. "एवढ्यावर अक्का हसायची नाही."

"का न्हाई? हसंल की! तिला तर..." ते बोलून गेले. फडक्यानं बशी पुसली, मग कोरडीच बशी पुन्हा पुसली. "व्हय. लोकर हाय, पर हे न्हवं."

"मग राहिलीत अजून बरीच."

"लय राहिल्यात. सुरेखाला बी तसंच सांगा." ते खिडकीशी गेले, परत आले. "फुडल्या ऐतवारी तुमास्नी जमंल का?"

"येतोच की."

"मग आज जेवूनच जावा. भाकरी टाकतो."

"टाका," मी म्हणालो. "तोवर दुसरं लावतो."