गणपतरावांची उतरलेली तब्येत

माणसाला वजन असते आणि तब्येत असते. वजन काटा सांगतो. तब्येत पेठ ठरवते. या दोन खात्यांचा आपसात पत्रव्यवहार नसल्यामुळे काय घडते, हे पुढील हकिकतीवरून ध्यानात यावे.

आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील गणपतराव यांचे हार्डवेअरचे दुकान आहे आणि दुकानावरच घर. गुडघे गेल्यामुळे दिवाळीपासून ते खाली, रंगाच्या डब्यांशेजारी कॉट टाकून झोपतात. पत्नी अनुजावहिनी वर. ऑपरेशनने गुडघे सुधारतील, पण आधी बारा किलो उतरवा, त्याशिवाय भूल देणार नाही, असे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले. गणपतरावांचे मागणे एवढेच होते की, स्वतःच्या घराचा जिना स्वतःच्या पायांनी चढायचा. यात हसण्यासारखे काही नाही, म्हणून आमच्या तालीम मंडळाने हा विषय हाती घेतला.

तातडीने वजन-उतार समिती स्थापन झाली. अध्यक्षपदी विजयसिंह यांची एकमताने निवड झाली. (त्यांना समितीवर घेतल्यावर इतरांना खोलीत जागा उरत नव्हती, हे एकमताचे एक कारण.) सदस्यांचा अभ्यास दांडगा होता. रोज पहाटे रंकाळा तलावावर चालायचे, असे ठरले. गणपतरावांना चालता येत नसल्यामुळे त्यांना रिक्षाने नेऊन बाकावर बसवायचे आणि आपण चालताना त्यांनी बघायचे. परतताना गंगावेशीत थांबून म्हशीचे धारोष्ण दूध घ्यायचे, कारण श्रम झालेले असतात. आहाराबाबत समितीने मूलभूत संशोधन केले. माणूस भाकरी खातो, भात खातो; तांबडा आणि पांढरा रस्सा मात्र पितो. जे पितात ते पेय. पेयाला आहारात धरता येत नाही. सबब रस्सा कितीही चालेल.

या शास्त्रीय उपक्रमात गणपतरावांचे दोन किलो वाढले. समितीने ही वाढ प्राथमिक स्वरूपाची असल्याचे जाहीर केले.

इथे अनुजावहिनींनी शिस्तभंग केला. त्यांनी समितीला दारातूनच चहा पाजून परत पाठवले (बिनसाखरेचा, हा अपमान विजयसिंह अजून विसरलेले नाहीत) आणि नवऱ्याला मोजकी भाकरी, मेथी, मुगाची उसळ आणि ताक यांवर आणले. खुर्चीत बसून पाय उचलायचे व्यायाम त्या समोर उभ्या राहून करून घेत. कसलीही बैठक नाही, ठराव नाही. असल्या अशास्त्रीय पद्धतीने गणपतरावांचे वजन सरळ उतरू लागले. पावसाळा सरेपर्यंत बारातले तीनच किलो उरले. ऑपरेशनची तारीख मिळाली. वहिनींनी वरच्या खोलीत नवी गादी आणून टाकली.

आणि नेमक्या त्याच सुमारास पेठेची नजर गणपतरावांच्या गालांवर गेली.

"गणपतराव, तब्येत पार उतरली की हो!" पहिले गिऱ्हाईक म्हणाले.

"मुद्दाम उतरवलीया," गणपतराव अभिमानाने म्हणाले.

"मुद्दाम? घरात काय भांडण-बिंडण?"

मराठीत वजन कमी झाले की तब्येत उतरते, आणि तब्येत उतरली की माणसाला भेटायला जावे लागते. पेठ भेटायला आली. कुणी साखरेचा संशय घेतला, कुणी कर्जाचा. कुणी त्याहून भयंकर शंका स्वयंपाकघरात जाऊन वहिनींच्या कानात सांगितली. रिकाम्या हाताने आजाऱ्याला भेटत नाहीत, म्हणून डबे आले. बहुतेकांत अळणी होते, म्हणजे आजाऱ्याला देतात ते मटण शिजवलेले बिनतिखट पाणी. (पेय असल्यामुळे समितीचीही हरकत नव्हती.) गणपतराव निकराने नाही म्हणत राहिले.

शेवटी बातमी बिद्री गावी गेली आणि आक्का आल्या. या गणपतरावांच्या थोरल्या बहीण. पिशवी खाली न ठेवताच त्यांनी भावाच्या गळ्याच्या हाडावरून हात फिरवला आणि मटकन कॉटवर बसल्या.

"आपलं आबा असंच वाळत वाळत गेलं, गणू. पयल्यांदा हीच हाडं दिसाय लागली. तवा मी ल्हान हुती, मला काय कळलं न्हाय. आता कळतंय की."

"आक्का, डॉक्टरनंच सांगितलंय."

"आबाच्या येळंला बी डॉक्टर हुताच की."

त्या रडत होत्या. बहीण समोर बसून शिऱ्याचा घास पुढे करते, तेव्हा कोणत्या माणसाला तोंड मिटून बसता येते? गणपतरावांनी तोंड उघडले. दारात उभ्या असलेल्या वहिनींना बोलायचे होते. पण नणंदेच्या डोळ्यांतले पाणी बघून त्या आत गेल्या.

आक्का महिनाभर मुक्कामाला राहिल्या. रोज गुळाचा शिरा, वर तूप. ऑपरेशनपूर्व तपासणीत काट्याने उतरलेले सगळे परत चढवून दाखवले, वर थोडे व्याजही. डॉक्टरांनी तारीख रद्द केली. आक्कांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि जाण्याआधी अंबाबाईची ओटी भरली.

पेठेत आनंदाचे वातावरण पसरले. "आता कसं, तब्येत सुधारली!" असे जो तो म्हणू लागला. मंडळाने जाहीर सत्कार केला. माणसाला मरणाच्या दारातून परत आणल्याबद्दल विजयसिंह यांनी समितीचे, म्हणजे मुख्यतः स्वतःचे, अभिनंदन केले. गणपतरावांना फेटा बांधला. नंतर रस्सा होता.

मंडळी पांगल्यावर गणपतराव फेट्यासकट जिन्यापाशी गेले. कठड्याला धरून एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला, थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग पाय खाली घेतला आणि कॉटवर येऊन बसले. वर वहिनींनी दिवा घालवला.

समितीचे काम जोरात चालू आहे. सभासद होण्यासाठी अर्ज, वर्गणी काही लागत नाही. परवाच्या लग्नात आपल्याला एक ओळखीचा माणूस भेटला, बराच बारीक झालेला. आपण त्याला काळजीने विचारलेत, "काय रे, बरा आहेस ना?" आणि तो नको नको म्हणत असताना त्याच्या ताटात जिलेबी वाढायला लावलीत. आपली नोंद तेव्हाच आजीव सभासद म्हणून झाली आहे. तोही गणपतरावांसारखा अजून खालीच झोपतो.