बॅच दोन हजार एकोणचाळीस

लातूर शहरात भाड्याने घर मिळण्यासाठी माणसाजवळ ओळख असावी, स्वभाव गरीब असावा आणि डॉक्टर होऊ घातलेले एक लेकरू असावे. पहिल्या दोन बाबी शिथिल करता येतात. तिसरी येत नाही. हा नियम कोठे लिहिलेला नाही, म्हणूनच तो काटेकोरपणे पाळला जातो.

आमच्या कार्यालयातील कनिष्ठ लिपिक रामलिंग ह्याला हा नियम ठाऊक नव्हता. उदगीरहून त्याची लातूरला बदली झाली तीही जूनमध्ये, म्हणजे सारा मराठवाडा गाद्या, कुकर आणि लेकरे घेऊन लातुरात उतरतो त्या दिवसांत. डॉक्टरकीच्या क्लासच्या आसपासच्या गल्ल्यांत तेव्हा माणसे घर मागत नाहीत, खाट मागतात. बायको आरती आणि साडेतीन वर्षांची मुलगी सृष्टी ह्यांना चुलत मेव्हण्याकडे ठेवून रामलिंग घर शोधायला निघाला. मेव्हण्याने पहिल्या दिवशी पुरणपोळी केली, चौथ्या दिवशी खिचडी आणि आठव्या दिवशी 'घर भाड्याने देणे आहे' ह्या जाहिरातीचे कात्रण पाहुण्यांच्या ताटाशेजारी ठेवले.

तोवर रामलिंगने बावीस घरे पाहिली होती. बावीस ठिकाणी एकच संवाद झाला.

"कोण कोण राहणार?"

"मी, मंडळी आन् लेकरू."

"लेकरू कितवीला?"

"अजून शाळंत न्हाई."

"मग लातूरला कामून आलाव?"

नोकरीसाठी आलो, हे उत्तर कोणालाच पटले नाही. बावीसच्या बावीस घरमालकांना हा इसम संशयास्पद वाटला.

तेविसावे घर बसलिंगप्पांचे. हे निवृत्त मुख्याध्यापक. शाळेत त्यांना जी शांतता हयातभर साधली नाही ती त्यांनी निवृत्तीनंतर स्वतःच्या तीन मजली घरात साधली होती. आत एकतीस विद्यार्थी आणि त्यांच्यासाठी गाव सोडून आलेल्या नऊ आया राहत. बाहेरून जाणाऱ्याला मात्र घर रिकामे वाटे.

"पोरगी डॉक्टरकीच्या परीक्षेला कवा बसणार?" त्यांनी विचारले.

रामलिंग बेजार झाला होता. त्याने बोटे मोजली आणि वैतागून चेष्टेने म्हणाला, "दोन हजार एकोणचाळीसला."

बसलिंगप्पा हसले नाहीत. त्यांनी वही काढली.

"बाकीची लेकरं दोन वर्षांत जातात. हिला अजून चौदा वर्षं हायेत," ते आदराने म्हणाले. "असा इचार करणारा बाप म्या पहिल्यांदा बघितला." आणि त्यांनी सुवाच्य अक्षरात नोंद केली : सृष्टी रामलिंग, वैद्यकीय, बॅच २०३९. तळमजल्यावर दोन खोल्या तत्काळ रिकाम्या निघाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही कार्यालयात पेढे मागून घेतले. खोटे बोलल्याबद्दल रामलिंगला वाईट वाटत होते. आम्ही हेड क्लार्क असल्याने त्याची समजूत घातली की, वहीत चढल्यावर खोटे खोटे राहत नाही.

घराची नियमावली दारामागे डकवलेली होती. अभ्यासाची वेळ पहाटे चार ते रात्री अकरा. कुकरची शिट्टी एक. दुसरी होण्याआधी गॅस बंद करावा. फोडणी खिडकी लावून द्यावी. पती-पत्नींत वाद झाल्यास तो लेखी करावा. हसणे, रडणे, हाका मारणे व तत्सम प्रकार सायंकाळी साडेसहा ते सात ह्या वेळेत उरकावेत. मुले तेव्हा जेवायला बसतात. ह्या अर्ध्या तासाला त्या घरात 'आवाजाची सुट्टी' म्हणत.

सृष्टीचा आवाज मात्र उदगीरचा होता. पहिल्याच सकाळी ती जिन्यात मांजर पाहून खदखदून हसली आणि तिन्ही मजल्यांची दारे उघडली. बसलिंगप्पांच्या पत्नी पार्वतम्मा खाली आल्या, ओठांवर बोट ठेवून कानडीत "सुम्म कूड" म्हणाल्या, म्हणजे गप बस, आणि गेल्या. पाठोपाठ वरच्या मजल्यावरची अयोध्या आली. ही लोह्याहून पोराबरोबर आलेली. तिने आरतीपुढे चक्क हात जोडले.

"बाई, पोराचं फिजिक्स चालू हाय. शेत दुसऱ्याला लावून आले मी. नवऱ्याला हातानं भाकरी थापाया लागून राहिल्या तिकडं. तुमच्या लेकराला एवढी दोन वर्सं गप ठिवा."

"लेकरू हाय ते, हसंलच की."

"हसू द्या ना. साडेसहाला."

बॅच एकोणचाळीसची वार्ता आठवड्याभरात गल्लीत पसरली. इतक्या लवकर तयारीला लागलेले हे कोण, म्हणून आयाबापांची झोप उडाली. ज्यांची लेकरे सहावीत होती त्यांना आपण लेकराचा घात केला असे वाटू लागले. क्लास चालवणारे गुंडप्पा सर स्वतः घरी आले. सृष्टीचे डोके दोन्ही बाजूंनी पाहून ते म्हणाले, "पाया पक्का पाहिजे. पायाच्या आधी खड्डा पाहिजे. आम्ही खड्ड्याची बॅच काढून राहिलो." पंधरा दिवसांत खड्ड्यात एकोणीस लेकरे बसली.

पहिल्या चाचणीत प्रश्न होता, नाकाचे कार्य सांगा. सृष्टीने सांगितले, "शेंबूड येतो." उत्तर चुकीचे नव्हते, परंतु सरांच्या उत्तरसूचीत ते नसल्याने गुण देता आले नाहीत. ती सतरावी आली. तिच्यामागची दोघे झोपली होती. पालकांनी गांभीर्य दाखवावे, असा शेरा रामलिंगला सही करून परत द्यावा लागला. सही केली त्या दिवसापासून तो खरोखरच गंभीर झाला. संध्याकाळी येताना पूर्वी तो पेरू आणी. आता हाडांचा तक्ता आणू लागला. आम्हीही सांगितले की, स्पर्धा फार आहे बाबा.

गंभीर झाली नाही ती फक्त आरती. अडाणी बाई. तिला कळत होते ते एवढेच की, पोरगी दिवसेंदिवस कमी बोलते. भूक लागली तर पोटाला हात लावून दाखवते. बाहुलीला मांडीवर घेते आणि तिच्या ओठांवर बोट ठेवून म्हणते, सुम्म कूड.

"पोरगी मुकी होऊन राहिली माझी," ती एकदा म्हणाली, तीही खिडकी लावून. "दुसरं घर बघा."

रामलिंगने पाहिले. आता त्याच्याजवळ विद्यार्थिनी होती, त्यामुळे घरमालक खुर्ची देत. पण पुढचा प्रश्न असे, बॅच मध्येच कामून सोडली? आणि बॅच सोडली म्हणजे गॅप पडणार. साडेतीन वर्षांची मुलगी आणि आत्ताच गॅप, ह्यावर घरमालकीण आतून पाणीसुद्धा आणत नसे. रामलिंग परत आला आणि आरतीला म्हणाला, "पोरीच्या भल्यासाठी आईनं थोडं सोसावं लागतं." सोसत कोण होते हे त्याला दिसत नव्हते असे नाही. त्याने पाहायचे सोडले होते.

श्रावणातल्या एका दुपारी आरती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. खाली वाऱ्याने लोखंडी गेट आपटले आणि सृष्टीचे बोट त्यात सापडले. आरती बादली घेऊन उतरली तेव्हा पोरगी गेटला चिकटून उभी होती. उजव्या हाताचे बोट फटीत, डावा हात तोंडावर घट्ट दाबलेला. फ्रॉक रक्ताने भिजला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते. आवाज नव्हता.

घरात सगळे जमले. नख निघून आले होते. बोट किती वेळ अडकले होते ते बसलिंगप्पांनी चौकशी करून ठरवले.

"बारा मिनिटं!" ते भारावून म्हणाले. "बारा मिनिटं लेकरू उभं हाय, पण वरच्या मजल्याला पत्ता न्हाई."

"काय शिस्त हाय बाई," अयोध्या पुटपुटली. तिच्या पोराची त्या दिवशी चाचणी होती.

पट्टी बांधून झाल्यावर बसलिंगप्पांनी पोरीचा फोटो काढला, पण आरती पोरीला घेऊन घरात थांबली नाही. ती तशीच मार्केट यार्डाच्या रस्त्याला गेली. तिथे ट्रक, हमाल, भोंगे, शिव्या, सारा गलका होता. तिने पोरीला कडेवरून उतरवले आणि समोर बसली.

"रड माय. इथं कुणी काही म्हणत न्हाई. मोठ्यानं रड."

सृष्टीने आजूबाजूला पाहिले आणि आईच्या कानाला तोंड लावून विचारले, "आई, सुट्टी झाली का?"

आरती तिथेच भर रस्त्यात हमसून हमसून रडली. हमालांनी पोती खाली ठेवली. रात्री ती नवऱ्याशी भांडली, तोंडी भांडली, तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल असे. रामलिंगने उठून खिडकी तेवढी लावली. सकाळच्या गाडीने आरती पोरीला घेऊन उदगीरला परतली. आता रामलिंग रोज तिथून ये-जा करतो, उशिरा येतो आणि आम्ही त्याला मेमो देतो.

पोरगी बरेच दिवस गपच होती. तिसऱ्या आठवड्यात एका शेळीने तिच्या हातातली भाकर ओढली तेव्हा तिने जे भोकाड पसरले ते पलीकडच्या गल्लीत ऐकू गेले. शेजारणी तिला उगी करायला धावल्या. आरतीने त्यांना दारातच अडवले आणि पोरगी दमेपर्यंत ऐकत बसली.

इकडे लातुरात बसलिंगप्पांनी चौकात फ्लेक्स लावला. त्यावर बोटाला पट्टी बांधलेल्या सृष्टीचा फोटो आहे आणि खाली लिहिले आहे, 'बारा मिनिटे. आवाज नाही. आमची शिस्त, तुमचे लेकरू.' खाली फोन नंबर आहे. त्या दोन खोल्या रिकाम्या झाल्याचे कळताच आम्ही जागेवरून उठून फोन केला. आमचा नातू अडीच वर्षांचा आहे आणि सून त्याचे उगाच लाड करते. बसलिंगप्पा म्हणाले, तुमच्या आधी सत्तावीस जण आहेत.

अठ्ठाविसावे नाव आमचे लागले. सृष्टीसाठी तुमचाही जीव हळहळला असणार, त्याबद्दल शंका नाही. आमचाही हळहळला होता. तेव्हा हळहळून झाले की नंबर लावा, आणि लेकराचे वय खरे सांगा. तीनच्या वर असेल तर आधी उशीर का झाला ते लेखी द्यावे लागते.